गच्चीवरची मागणी

नागपूर, ६ जानेवारी

वामनदादा,

आधी तीर्थरूप लिहायचं, मग साष्टांग नमस्कार, मग मजकूर, असं शाळेत शिकवलं होतं. माझा हात तिकडे वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चालवून घे.

मी पुण्याहून नागपुरात आलो आहे. केयूरनं तुला सांगितलं असेल आणि तू "बरं" म्हणून पेपरचं पान उलटलं असशील. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा तुला मशीनला जोडतात, यमुवहिनींची किडनी तुला चालत नाही आणि केयूरची तू घेणार नाहीस, कारण त्याचं अजून लग्न व्हायचं आहे. हे सगळं तुझ्या मुलानं मला फोनवर रडत सांगितलं आणि शेवटी म्हणाला, काका, आता तुम्हीच. इतक्या वर्षांत तुझ्या घरातून मला आलेला हा पहिला फोन. आई जायला टेकली तेव्हा निरोप शेजारच्या गोपाळरावांकडून आला होता. या वेळी निदान घरचं माणूस बोललं, म्हणजे सुधारणा आहे.

तर तपासण्या करून घेणार आहे. जुळली तर एक किडनी तुझी. माझी एकच अट आहे. तू मागायची. माझ्यासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं. केयूरचं मागणं मी धरत नाही, वहिनींचंही धरणार नाही.

तुझ्या घरी उतरायचा प्रश्नच नव्हता. केयूरनं मोबाइलवर शोधून स्वस्तातलं एक ठिकाण ठरवलं, सक्करदऱ्याच्या तलावाच्या अलीकडे, तुझ्या फाटकापासून चालत येण्याच्या अंतरावर. त्याला वाटलं लॉज आहे. निघालं हॉस्टेल. एका खोलीत सहा जण, एकावर एक पलंग, भिंतीवर गॉगल लावलेला वाघ, आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालतात. विशीतली पोरं मला पहिल्याच दिवशी कृष्णकांत म्हणून हाक मारायला लागली. मला वरचा पलंग मिळाला होता. खालच्या पलंगावर विक्की म्हणून एक मुलगा आहे, बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली आहे, खोली मिळेपर्यंत इथे राहतो. त्यानं न विचारता आपली गादी उचलून वर टाकली. "काका, तुम्ही खाली झोपा. वरून पडले तर लोक म्हणतीन, विक्कीनंच ढकललं." नागपूरचं बोलणं कानावर पडलं आणि मला बरं वाटलं, हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो.

पत्र तुझ्या फाटकाच्या पेटीत मीच टाकणार आहे. उत्तर दिलं नाहीस तरी मी घाईत नाही. घाई तुला आहे.

कृष्णा


१० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

माझ्या तपासण्या चालू आहेत. रोज सकाळी उपाशीपोटी जातो, रक्त देतो, बाटलीत लघवी देतो, पोटावर थंडगार जेल लावून घेतो. डॉक्टर तरुण आहेत, सज्जन आहेत. भावाभावांत असं प्रेम फार कमी दिसतं, असं मला म्हणाले. मी हसलो. तूही हसला असतास.

आज तुला इथली एक पद्धत सांगतो. रोज संध्याकाळी सातला सगळ्यांनी गच्चीवर यायचं, नाही आलं तर खाली येऊन ओढून नेतात. सोनिका नावाची मुलगी हे हॉस्टेल चालवते. ती एका घमेल्यात शेकोटी पेटवते, सगळे गोल बसतात, आणि मग ज्याला जे हवं असेल ते त्यानं उभं राहून मागायचं. आपल्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कोणी हसायचं नाही, कशाला हवं म्हणून विचारायचं नाही. ज्याला देता येईल तो हात वर करतो. पहिल्या दिवशी अदिती म्हणून एक मुलगी उभी राहिली, उद्या मला डॉक्टरकडे जायची भीती वाटते, कोणी सोबत याल का म्हणाली. चार हात वर झाले. विक्कीनं इंग्रजी बोलायची सवय करून देणारं माणूस मागितलं, तेही मिळालं. मला उठवलं तेव्हा मी सुईदोरा मागितला. शर्टाचं बटण तुटलं होतं. एका बंगाली पोरानं हात वर केला आणि बटण स्वतःच लावून दिलं.

त्याच वेळी मला सुचलं. आपल्या घरी कधी कोणी कोणाकडे काही मागितलं नाही. नानांनी आयुष्यभर कचेरीत बढती मागितली नाही, आईनं औषध मागितलं नाही, आणि त्याला आपण अब्रू म्हणत आलो. मागायला लावलंस फक्त तू, आणि तेही मला.

विसरला असशील तर आठवण करून देतो. आई शेवटच्या घटका मोजत होती. मी आणि भावना रात्रभर प्रवास करून दारात आलो. तू व्हरांड्यात आडवा उभा. गोपाळराव, त्यांची मंडळी, सगळ्या वस्तीचा जमाव अंगणात. भावनाच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या घरची मुलगी मी केली म्हणून तू मला आधीच घराबाहेर काढलं होतंस. तरी तुझं समाधान झालं नव्हतं. म्हणालास, आत जायचं असेल तर सगळ्यांसमोर माफी माग. मी मागितली. म्हणालास, ऐकू आलं नाही. मी पुन्हा मागितली. मग मला एकट्याला आत सोडलंस. भावना चप्पल काढून उन्हात उभी राहिली, ती तशीच. आईनं तिला पाहिलं नाही, तिनं आईला पाहिलं नाही.

तेव्हा तुझी अट पाळली मी. आता माझी पाळ. माझ्या खोलीत येऊन हळू आवाजात मागितलेलं चालणार नाही. संध्याकाळी सातला, गच्चीवर, गोलात उभं राहून मागायचं. इथे कोणी हसत नाही, त्याची हमी देतो. तुझ्या अंगणात ती नव्हती.

काल भावनाचा फोन आला. मी तिला हे सगळं सांगितलं, ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुले द्याची असन तर दे, नसन तर घरी ये. त्याले नाचवू नको." आणि फोन ठेवला. बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

कृष्णा


१४ जानेवारी, संक्रांत

दादा,

रिपोर्ट आले. सगळं उत्तम आहे. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. डॉक्टर खूश आहेत. आता फक्त तुझा आवाज ऐकायचा बाकी आहे.

आज दुपारी यमुवहिनी आल्या होत्या. तुला माहीत नसेल, तुला कळू देऊ नका असं म्हणाल्या, म्हणून मुद्दाम लिहितो. खाली दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या, हातात तिळगुळाचा डबा. किती वाळल्या आहेत त्या. मला भाऊजी म्हणाल्या. मागच्या वेळी त्या दाराच्या फटीतून भावनाकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या, पाणी विचारायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती. आज मात्र बोलल्या. म्हणाल्या, त्यांच्या वतीनं मी मागते. ते आयुष्यात कोणापुढे वाकले नाहीत, आता त्यांना वाकवू नका, तीन जिने त्यांना चढवणार नाहीत. मी म्हणालो, मी रोज चढतो. त्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकलो आणि सांगितलं, वहिनी, तुमचं मागणं मी धरत नाही.

समोर सोनिका उभी होती, विक्की होता, दोघांनी ऐकलं. वहिनी गेल्यावर सोनिका म्हणाली, काका, मागणं सोपं व्हावं म्हणून आम्ही ही पद्धत पाडली, तुम्ही त्याचा फास केला. मी तिला म्हणालो, तू अजून लहान आहेस. विक्की रोज मला चहा आणून देतो, आज आणला नाही. मजेशीर माणसं आहेत. माझ्यावर काय बेतलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, तरी त्यांना दया तुझी येते, कारण तू आजारी आहेस. आजारी माणसाला फार सवलती मिळतात.

तिळगूळ खाल्ला नाही. डबा पोरांना दिला. हल्ली गोड सोडलं आहे.

तर वाट पाहतो. केयूर सांगत होता, मशीनवरून उठलास की तुला भोवळ येते आणि घरी जाऊन तू भिंतीकडे तोंड करून पडतोस. मग मशीन नसेल त्या दिवशी ये.

कृष्णा


१९ जानेवारी

दादा,

काल तू होतास तिथे. पण तू सारा वेळ शेकोटीकडे बघत होतास, म्हणून माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगतो.

सात वाजून गेले होते. जिन्यात कोणीतरी थांबत थांबत चढत होतं. सोनिका उठून बघायला गेली आणि तिथेच थबकली. आधी केयूर दिसला, मग तू. दादा, मी तुला ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. डोक्यात व्हरांड्यातला तू होतास, दार भरून उभा राहिलेला. हा कोण म्हातारा, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, गळ्याभोवती स्वेटर लोंबणारा, असं मनात आलं. अदितीनं खुर्ची पुढे केली. तू बसला नाहीस. केयूरनं धरलेला हात सोडवलास. इथे उभं राहून मागतात, हे तू माझ्या पत्रात वाचलं होतंस.

मग म्हणालास, "मी वामन. मी कृष्णाचा मोठा भाऊ. माह्या किडन्या गेल्या. अजून जगावं वाटते. कृष्णा, तुही एक किडनी दे गा मले. मी मागून राहिलो तुले."

तू इतकं स्पष्ट मागशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं तू घोगरं काहीतरी पुटपुटशील आणि मी म्हणेन, ऐकू आलं नाही. ते वाक्य मी वीस वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. त्याची वेळच तू येऊ दिली नाहीस.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंगाली पोरगा, अदिती, विक्की, आदल्या रात्रीच आलेलं एक परदेशी जोडपं. त्यांना कोणीतरी कानात अर्थ सांगितला, तेही माझ्याकडेच. त्या गच्चीवर मागितलेलं मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं. चार्जर मिळतो, सोबत मिळते, धीर मिळतो. काल एकही हात वर झाला नाही. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

आता लिहितो. चौदा तारखेचं पत्र खोटं होतं. रिपोर्ट त्याच्या आदल्या दिवशी आले होते. मला साखर आहे, बरीच जुनी, मला पत्ता नव्हता, आणि तिनं माझ्याच किडन्या पोखरायला सुरुवात केली आहे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही देऊ शकत नाही, तुम्हीच जपून राहा. मी त्यांना म्हणालो, भावाला मी सांगतो, तुम्ही कळवू नका. ते मान हलवून पुढच्या माणसाकडे वळले. मी खाली येऊन बाकावर बसलो आणि दुसऱ्या दिवशी तुला उत्तम आहे म्हणून लिहिलं. मला द्यायचीच होती दादा, पुण्याहून निघालो तेव्हा खरंच द्यायची होती. देता येणार नाही हे कळल्यावर माझ्या हातात दुसरं काही उरलं नाही. तुझं मागणं तेवढं उरलं होतं. ते तरी सोडायचं नाही, असं ठरवलं. रिकाम्या हातानं तुला तीन जिने चढायला लावले.

ते मी तुला तिथेच सांगितलं. सगळ्यांदेखत, कारण खाली मान घालून गप्प बसणं त्याहून जड गेलं. मी म्हणालो, दादा, माझी चालत नाही, मला साखर निघाली. सोनिकानं तोंडावर हात ठेवला. विक्की उठला, मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तू म्हणालास, "माहीत आहे मले. दवाखान्यातून केयूरले तवाच फोन आला होता."

माझी पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली. "मंग काहून आला गा, दादा?"

"तुले पाहाचं होतं ना, मी मागतो कसा ते. पाहून घेतलं? मंग झालं."

तुझ्या आवाजात राग नव्हता. दूधवाल्याचा हिशोब मिटवावा तसं म्हणालास आणि वळलास. विक्कीनं तुला खांदा दिला. जिन्यात तुझा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता, तीनही मजले उतरेपर्यंत. गोल मोडला, एकेक जण खाली गेला, शेकोटी सोनिकानं पाणी टाकून विझवली.

तुझा मला फार राग आलाय. मला एवढा एकच डाव जिंकायचा होता. तो तू जाणूनबुजून हरलास आणि घेऊनही गेलास. माफी मागून आत गेलेला मी, आणि भीक मागून बाहेर पडलेला तू, तरी मोठा तूच. हे कसं जमतं तुला?

भावनाला सांगितलं. म्हणाली, आता तिथून हलू नको.

म्हणून मी आता मागतो. उभं राहूनच लिहितो आहे, पाहिजे तर विक्कीला विचार, तो बघतो आहे. डायलिसिसच्या वेळी मला तुझ्याजवळ बसू दे. मी बोलणार नाही. पेपर धरीन, पाणी देईन, पाय चेपीन. नाही म्हणालास तरी पुन्हा मागेन.

तुझा
कृष्णा


२ फेब्रुवारी

दादा,

तू केयूरकडून दोन शब्द पाठवलेस, "स्टूल आहे." तेव्हापासून मी येतो. चार चार तास तुझ्या शेजारी बसतो आणि तू माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीस. म्हणून हे पत्र. ते पेटीत न टाकता तुझ्या उशीखाली ठेवणार आहे.

मी अजून हॉस्टेलातच आहे. विक्कीला खोली मिळाली, तो गेला. जाताना चहाचं काम बंगाली पोरावर सोपवून गेला. गच्चीवर जातो, कडेला बसतो. मला कोणी उठवत नाही, मीही उठत नाही.

हे लिहायचं कारण, तू पहिल्या दिवसापासून जे चालवलं आहेस ते. नळ्या जोडून झाल्या, मशीन घरघरायला लागलं, आणि शेजारच्या पलंगावरच्या कांताबाईंनी तुला विचारलं, हे कोण. तू म्हणालास, "हा माहा लहान भाऊ. पुण्याहून मले किडनी द्याले आला." मी चमकून तुझ्याकडे पाहिलं. तू छताकडे बघत होतास. कांताबाईंना तीन मुलगे. दोघांनी तपासणीच करून घेतली नाही, तिसरा बाहेर बसून मोबाइल बघतो. त्या रडायला लागल्या. "असा भाऊ कोणाले भेटते वं माय," असं स्वतःशीच म्हणत राहिल्या. मग त्यांनी मुलाला आत बोलावलं, याच्या पाया पड म्हणाल्या, काही शीक म्हणाल्या. तो पोरगा माझ्या पायांवर वाकला, आणि मी स्टुलावरून उठूही शकलो नाही, कारण तुझी पाण्याची उघडी बाटली माझ्या हातात होती.

मला वाटलं, एकदा झालं, राग निघाला असेल. पुढच्या वेळी तू नर्सला सांगितलंस. ती नवीन होती, तिनं माझा हात हातात घेतला. मग झाडूवाल्या बळीरामला. मग समोरच्या पलंगावरच्या प्रेमानंदांना, त्यांच्या बायकोला, तिच्या बहिणीला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात, शब्द इकडचा तिकडे होत नाही. केयूर खाली बघतो. वहिनी डबा घेऊन येतात, त्यांच्यासमोरही सांगतोस, त्या पदर डोळ्यांना लावतात, कशासाठी ते मला विचारवत नाही. माणसं मला देव म्हणतात दादा. मला संत्री आणून देतात. काल एका म्हाताऱ्या बाईनं माझी दृष्ट काढली.

तुझं नाव मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत आहे, आणि यादी लांब आहे. तुझ्या वयाच्या माणसाचा नंबर लागत नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुला ते माझ्याआधी ठाऊक असणार, तुला सगळंच आधी ठाऊक असतं. म्हणजे जोवर तू आहेस तोवर हे चालणार.

खोटं आहे म्हणून सांगावं असं रोज ठरवून येतो. पण सांगितलं तर तू त्यांच्यासमोर खोटा ठरशील, आणि तेवढं माझ्याच्यानं होत नाही. हेही तुला ठाऊक आहे.

आज निघताना कांताबाईंनी मला हाक मारली आणि विचारलं, ऑपरेशन कधी आहे. तू डोळे मिटून पडला होतास, पण जागा होतास, तुझी पापणी हलली. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, लवकरच.

तुझा
कृष्णा